कडी काढायला बावीस टिक्स: लिनक्स कर्नलमधल्या एका सूचनेचं प्रकरण

नोव्हेंबर १९९९. लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या गाभ्याच्या प्रोग्रामच्या, २.३ मालिकेवर काम चालू होतं, २.४ यायला अजून वर्षाहून अधिक अवकाश होता. मॅनफ्रेड स्प्रॉल यांच्या लक्षात आलं की इंटेलच्या प्रोसेसरवर स्पिनलॉक, म्हणजे एका वेळी एकाच प्रोसेसरला आत सोडणारं कुलूप, सोडायला सुमारे २२ टिक्स लागतात, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे बावीस ठोके. लॉक सोडणारी सूचना (प्रोसेसरला दिलेली एक आज्ञा) काढून तिच्या जागी मेमरीत शून्य लिहिणारी साधी सूचना घातली, तर तेच काम १ टिकमध्ये होत होतं. इंगो मोल्नार यांनी हा बदल एका बेंचमार्कवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीवर, चालवून पाहिला, तेव्हा वेग ४ टक्क्यांनी वाढला.

एक सूचना बदलून अख्ख्या यंत्राला ४ टक्के मिळणं ही कर्नलच्या जगात फार मोठी गोष्ट. तरीही लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांनी बदल साफ नाकारला. हे चालत नाही, असं त्यांनी लिहिलं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांना वापरायचं तर वापरू द्या, त्यांना वेग मिळेल आणि कधी ना कधी त्यांची यंत्रं कोसळतील. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाद चालला, शंभराहून अधिक उत्तरं-प्रत्युत्तरं झाली, आणि शेवटी तोच बदल स्वीकारला गेला. नकार चुकीचा ठरला. पण या प्रकरणातून मी जे काही शिकलो ते त्या नकारातून शिकलो, म्हणून लेखात सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

दुपारी तीनची कडी

चाळीतल्या सामाईक न्हाणीघराची कडी डोळ्यांसमोर आणा. आत जाणारा कडी लावतो, बाहेर येणारा काढतो. मध्येच दुसरा कुणी आला तर तो दाराशी उभा राहून कडीकडे बघत राहतो. स्पिनलॉक नेमकं हेच करतो. मेमरीतली एक जागा ही कडी. ज्याला लॉक मिळालं नाही तो प्रोसेसर झोपत नाही, दुसरं काम हाती घेत नाही. कडी निघेपर्यंत तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहतो. म्हणून आतलं काम अगदी थोडक्यात उरकणारं असेल तरच हे लॉक वापरायचं.

स्पिनलॉकची चर्चा निघाली की बहुतेकांच्या मनात सकाळी आठची रांग येते. मला मात्र दुपारी तीनची वेळ महत्त्वाची वाटते. तेव्हा दाराशी कुणी नसतं. तरी कडी लावावी लागते, कारण कुणी येणारच नाही याची खात्री नसते. बाहेर आल्यावर ती काढावीही लागते. एकाचीही अडवणूक झाली नाही, पण कडीचे श्रम दोन्ही वेळा पडले.

चांगल्या बांधलेल्या कर्नलमध्ये बहुतेक लॉक बहुतेक वेळा या दुपारच्या अवस्थेत असतात, आणि तशी ती असावीत म्हणूनच सगळी खटपट चालते. लिनक्सने १९९६ च्या २.० मध्ये अनेक प्रोसेसरांना आधार दिला, तेव्हा जवळजवळ सगळ्या कर्नलला मिळून एकच मोठं लॉक होतं. जानेवारी १९९९ च्या २.२ मध्ये ते बरंच फोडलं गेलं, आणि २.३ मध्ये फोडाफोड आणखी जोरात चालू होती. एका लॉकची पन्नास झाली की प्रत्येकापाशी गर्दी कमी होते, हे उघड आहे. त्याची दुसरी बाजू सहज सुटते: एका सिस्टिम कॉलच्या, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीच्या, वाटेवर आधी एक दार होतं, आता सहा-सात आहेत. रांगा संपतात आणि कडी लावण्या-काढण्याचं काम वाढतं. गर्दीवरच्या उपायानेच मोकळ्या लॉकचा खर्च फुगतो. स्प्रॉल यांचे २२ टिक्स १९९९ मध्येच कुणाच्या तरी डोळ्यांवर आले, यामागे मला हे कारण दिसतं.

कोडची मांडणी

त्या काळच्या इंटेल कर्नलमध्ये लॉक घेण्याचं कोड मोकळ्या वेळेचा विचार करूनच मांडलेलं होतं, आणि ती मांडणी सुंदर आहे.

पहिली सूचना ‘लॉक बीटीएसएल’. मेमरीतल्या त्या जागेचा शून्यावा बिट १ करायचा आणि आधी तो काय होता ते कॅरी फ्लॅग या प्रोसेसरमधल्या एका खुणेत ठेवायचं. ‘लॉक’ हा तिच्यापुढे लागणारा एका बाइटाचा उपसर्ग. त्याच्यामुळे वाचणं, बदलणं आणि परत लिहिणं या तिन्हींच्या मध्ये दुसऱ्या प्रोसेसरला शिरता येत नाही. दुसरी सूचना ‘जेसी’: बिट आधीच १ होता, म्हणजे लॉक दुसऱ्याकडे आहे, तर उडी मार. उडी कुठे जाते ते पाहण्यासारखं आहे. वाट पाहण्याचा लूप शेजारी लिहिलेला नसे. तो असेंब्लरकडून ‘टेक्स्ट-लॉक’ नावाच्या वेगळ्या विभागात पाठवलेला असे, मुख्य कोडपासून पार लांब. लॉक मोकळं असेल तर प्रोसेसर दोन सूचना ओलांडून सरळ पुढे जातो. वाट न वाकवता. रांगेचं कोड सूचनांच्या कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, जागाही अडवत नाही, कारण त्याला कुणी हात लावलेला नसतो.

वाट पाहणाऱ्या लूपमध्येही शहाणपण होतं. तिथे ‘लॉक’ उपसर्ग नव्हता. थांबलेला प्रोसेसर ती जागा नुसती वाचत राही, आणि बिट शून्य दिसला की मगच मूळ सूचनेकडे परत येऊन पुन्हा प्रयत्न करी. वाचन स्वतःच्या कॅशमधून होतं. उपसर्गवाली सूचना पुन्हा पुन्हा चालवली असती तर ती कॅश लाइन (कॅशमधला त्या जागेचा तुकडा) प्रोसेसरांमध्ये चेंडूसारखी इकडून तिकडे फिरत राहिली असती.

या मांडणीचा एक परिणाम मोजमाप करणाऱ्यांना चांगलाच आठवत असेल. कर्नलचं प्रोफाइल, म्हणजे वेळ कुठे जातो याची नोंद, काढलं की वर ‘एसटेक्स्ट-लॉक’ असं नाव झळके. रांगेत घालवलेला सगळा वेळ त्या वेगळ्या विभागात जमा होई, त्यामुळे गर्दी कुठे किती आहे याचा अंदाज चटकन येई. सोडण्याच्या खर्चाला मात्र असं घर नव्हतं. ते कोड जिथे वापरलं तिथेच ओतलेलं असे, शेकडो ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी बावीस टिक्स. प्रोफाइलमध्ये तो खर्च फाइल वाचणाऱ्या, पॅकेट पाठवणाऱ्या, मेमरी वाटणाऱ्या फंक्शनांच्या नावावर विखरून पडे. कुणाच्याच यादीत तो वर येत नसे. असा खर्च सापडायला ती एक सूचना वेगळी काढून घड्याळ लावणारा माणूस लागतो.

सोडणारी सूचना होती ‘लॉक बीटीआरएल’: तोच बिट परत शून्य कर. पुन्हा तोच उपसर्ग.

आता २२ टिक्स नेमके जातात कुठे? ‘लॉक’ उपसर्गाने सगळी बस, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातली वाट, अडते, हा समज जुन्या पेंटियमपर्यंत बरोबर होता. पेंटियम प्रोपासून पुढच्या प्रोसेसरांवर ती जागा आपल्या कॅशमध्ये असेल तर बस अडवावी लागत नाही, कॅश लाइन धरून ठेवली की भागतं. तरीही सूचना महागच राहते, ती दुसऱ्या कारणाने. प्रोसेसर जे लिहितो ते आधी त्याच्या स्वतःच्या स्टोअर बफरमध्ये पडतं आणि तिथून सवडीने कॅशमध्ये जातं. उपसर्गवाल्या सूचनेला ही सवड चालत नाही. आधीचं सगळं लेखन बाहेर गेलं पाहिजे, मग ही सूचना, आणि ती पुरी होईपर्यंत पुढचं वाचनही सुरू व्हायचं नाही. एरवी अनेक सूचना एकमेकींत गुंतवून धावणारं यंत्र त्या क्षणी थबकतं. ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर धरला तर २२ टिक्स म्हणजे ४४ नॅनोसेकंद. साधं लेखन बफरमध्ये टाकलं की प्रोसेसर मोकळा, म्हणून १ टिक.

मोकळ्या लॉकचा दर हा असा थबकण्याचा दर असतो. स्प्रॉल यांचा प्रश्न मग असा होता: घेताना थबकणं भाग आहे, पण सोडतानाही थबकलंच पाहिजे का?

नकार

घेताना वाचणं आणि लिहिणं एकत्र करावं लागतं, नाहीतर दोघांना एकाच वेळी कडी मोकळी दिसेल. सोडताना ही अडचण नाही. लॉक आपल्याकडे आहे हे आपल्याला माहीत असतं, तिथे फक्त शून्य लिहायचं असतं आणि तेवढं लेखन अखंडच असतं. इथपर्यंत कुणाचाच वाद नव्हता.

टॉरव्हल्ड्स यांचा आक्षेप क्रमाचा होता. त्यांचं उदाहरण साधारण असं. लॉक घ्या. ‘अ’ मध्ये १ लिहा. मग ‘अ’ मध्ये ० लिहा. मग ‘अ’ वाचून ‘ब’ मध्ये ठेवा. लॉक सोडा. ‘ब’ परत करा. अनेक प्रोसेसर हेच फंक्शन चालवत असले तरी उत्तर नेहमी ० च आलं पाहिजे, नाहीतर लॉकला अर्थ उरत नाही. आता समजा, प्रोसेसरने ‘अ’ चं वाचन लांबणीवर टाकलं आणि लॉक सोडणारं साधं लेखन त्याच्या आधी बाहेर पडलं. दुसरा प्रोसेसर आत शिरला, त्याने ‘अ’ ला १ केलं, आणि पहिल्याच्या रेंगाळलेल्या वाचनाने तो १ उचलला. उत्तर १. उपसर्ग असता तर तो आधीचं सगळं पुरं व्हायला लावतो, म्हणून ही फट पडत नाही. फट लहान असेल, पण ती असेल तर लॉकवर विसंबता येत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या एका प्रोग्रामरने तर हार्डवेअर अ‍ॅनालायझरवर असं वर्तन प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगितलं, तेही पेंटियम प्रो आणि त्यापुढच्या यंत्रांवर.

वेगवाल्यांच्या बाजूने मोजमाप होतं आणि ‘आमच्याकडे व्यवस्थित चालतंय’ हा अनुभव होता. मोजमाप खरं होतं. पण ४ टक्के अर्ध्या तासात मोजता येतात, आणि लॉकमधली फट अशी मोजता येत नाही. ती असेलच तर लाखो वेळा काही होणार नाही, मग एक दिवस फाइल सिस्टिममधला एक आकडा बिघडेल, आणि यंत्र कोसळेल ते आणखी काही दिवसांनी, भलत्याच फंक्शनमध्ये. त्या कोसळण्यातून सोडणाऱ्या सूचनेपर्यंत मागोवा काढणं जवळजवळ अशक्य. लॉक हा कर्नलमधल्या इतर प्रत्येक युक्तिवादाचा पाया असतो. ‘हे लॉकखाली आहे, म्हणून सुरक्षित आहे’ असं प्रत्येकजण म्हणतो आणि पुढे जातो. पायाच्या दगडाबद्दल ‘आतापर्यंत हलला नाही’ एवढं सांगणं पुरत नाही. ज्याच्या सहीने तो दगड बसणार होता त्याने कारण मागितलं, आणि ते मागण्याचा त्याला पूर्ण हक्क होता.

कारण शोधायचं कुठे, हाही प्रश्नच होता. मेमरीच्या क्रमाबद्दल इंटेलच्या मॅन्युअलांमध्ये जे होतं ते गद्यात होतं, आणि ते वाचून दोन्ही बाजूंचे जाणकार लोक वेगवेगळा अर्थ काढत होते.

आत आलेलं चालतं, बाहेर गेलेलं नाही

वाद मिटवायला इंटेलचाच माणूस पुढे आला. एरिक बोलिन हे इंटेलच्या ३२-बिट प्रोसेसर विभागात आर्किटेक्ट होते. त्यांनी सांगितलं की त्या उदाहरणाचं उत्तर नेहमी ० च येईल. सोडताना उपसर्गाची गरज नाही, साधं लेखन पुरतं.

त्यांचं कारण प्रोसेसरच्या आतल्या रचनेतून आलेलं आहे. हा प्रोसेसर सूचना क्रम मोडून चालवतो हे खरं, पण त्या पक्क्या करतो, त्याच्या भाषेत रिटायर करतो, ते मूळ क्रमानेच. कुठलंही लेखन पक्कं झाल्याशिवाय प्रोसेसरबाहेर जात नाही. मग लॉक सोडणारं शून्य बाहेर पडलंय याचा अर्थच असा की त्याच्या आधीची प्रत्येक सूचना पक्की झालेली आहे, त्यातलं प्रत्येक वाचन पुरं होऊन त्याची किंमत ठरलेली आहे, मग ते कॅशमध्ये सापडलेलं असो वा नसो. वाचन मागे रेंगाळलंय आणि त्याच्यानंतरचं लेखन जगाला दिसलंय, ही स्थिती या प्रोसेसरवर येऊ शकत नाही.

इथे सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून पॅच लावला असता तरी चाललं असतं. पण टॉरव्हल्ड्स यांना खरा त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होत होता, आणि तो त्यांनी नंतर उघडपणे सांगितला: घेताना पूर्ण थांबावं लागतं आणि सोडताना नाही, ही विषमता. एकाच दाराच्या दोन बाजूंना दोन नियम का?

याचं उत्तर वाचन आणि लेखन यांच्या स्वभावात आहे. वाचन अंदाजाने आधी करून ठेवता येतं. पुढे लागेल असं वाटलं की प्रोसेसर किंमत उचलून ठेवतो, अंदाज चुकला तर टाकून देतो, कुणाला कळतही नाही. लेखनाचं तसं नाही. ते एकदा बाहेर गेलं की दुसऱ्यांनी पाहिलं, परत घेता येत नाही. म्हणून ते अंदाजाने कधीच बाहेर सोडलं जात नाही. वाचन लवकर होऊ शकतं, लेखन उशिरा होऊ शकतं, उलट नाही. आता हे दाराच्या दोन्ही बाजूंना लावून पाहा. आत शिरताना धोका हा की आतलं वाचन लवकर होईल, लॉक हाती येण्याच्या आधीच, आणि शिळी किंमत घेऊन आपण काम करू. हा धोका खरा, म्हणून तिथे थांबणं हवं. बाहेर पडताना धोका हा की आतलं वाचन उशिरा होईल किंवा सोडणारं लेखन लवकर होईल. या प्रोसेसरवर दोन्ही घडत नाहीत. म्हणून तिथे थांबण्याचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

उरली एक शक्यता: सोडण्याच्या पुढचं, बाहेरचं वाचन आधी होऊन आत शिरणं. इंटेलचे प्रोसेसर एवढी एकच अदलाबदल करतात, आधीच्या लेखनाच्या पुढे नंतरचं वाचन काढतात, दोन्ही वेगवेगळ्या जागांची असतील तर. ती इथे निरुपद्रवी आहे. लॉकच्या बाहेर करायचं काम लॉकच्या आत झालं तर बिघडत नाही. आतलं बाहेर सांडता कामा नये, एवढीच अट.

ही समजूत पटल्यावर टॉरव्हल्ड्स यांनी मत बदललं, आता मन निश्चिंत झालं असं म्हणाले, आणि समजावणाऱ्यांचे आभार मानले. मला हा शेवट मनापासून आवडतो. नाकारताना त्यांचा स्वर कडक होता, पण त्यांना हवं होतं ते कारण, आणि कारण मिळाल्यावर माघार घ्यायला त्यांनी वेळ लावला नाही.

एक बारीक पण महत्त्वाचा तपशील. प्रोसेसर क्रम पाळतो म्हणून कंपायलर, म्हणजे लिहिलेलं कोड प्रोसेसरच्या सूचनांत बदलणारा प्रोग्राम, पाळेलच असं नाही. सी भाषेत नुसतं ‘लॉक बरोबर शून्य’ लिहिलं तर कंपायलर ते हवं तिथे सरकवू शकतो. म्हणून ती साधी सूचनासुद्धा असेंब्लीतच लिहिलेली होती, आणि सगळी मेमरी बदलली असं समज, अशी खूण कंपायलरला दिलेली होती. या खुणेला चालताना एक टिकही पडत नाही.

जिथे ही सवलत मिळत नाही

२.४ मध्ये सोडणारी सूचना एका बाइटात १ लिहिणारी साधी ‘मूव्ह’ झाली. तोवर मोकळ्या लॉकचा आकडा शून्याऐवजी १ ठरला होता. पण तिच्याभोवती एक अट होती. पेंटियम प्रोच्या काही जुन्या चिपांमध्ये अनेक प्रोसेसरांच्या यंत्रात मेमरीचा क्रम बिघडवणारे दोष इंटेलने स्वतःच नोंदवलेले होते. त्या चिपांसाठी कर्नल बांधला तर ‘मूव्ह’ऐवजी ‘एक्सचेंज’ ही सूचना येई. मेमरीशी अदलाबदल करणारी ही सूचना उपसर्ग न लावताही आपोआप लॉक होते, म्हणजे पुन्हा जुना दर. बोलिन यांचं कारण रचनेबद्दल बरोबरच होतं. घडवलेली प्रत्येक चिप त्या रचनेला जागली नव्हती. पेंटियम प्रोसाठीची ती खास सोय कर्नलमधून २०१८ मध्ये काढली गेली.

याहून शिकवणारा अपवाद म्यूटेक्सचा. मार्च २००६ च्या २.६.१६ मध्ये मोल्नार यांनी कर्नलमध्ये म्यूटेक्स, म्हणजे वाट पाहणाऱ्याला झोपवणारं लॉक, आणलं. त्यातही सगळं लक्ष मोकळ्या वेळेवर होतं: घेताना उपसर्गवाली एक सूचना आणि एक उडी, सोडताना तसंच. इथे सोडताना साधं लेखन का चाललं नसतं, हा प्रश्न मी नवशिक्यांना हमखास विचारतो, कारण त्याचं उत्तर सुचलं की वरचं सगळं समजलं असं धरायला हरकत नाही.

फरक वाट पाहणाऱ्यात आहे. स्पिनलॉकचा वाट पाहणारा दाराशी उभा असतो. कडी निघाली की त्याची त्याला दिसते, हाक मारावी लागत नाही. म्यूटेक्सचा वाट पाहणारा घरी जाऊन झोपलेला असतो. सोडणाऱ्याला दोन कामं करावी लागतात: कडी काढणं, आणि कुणी नाव लावून गेलंय का ते पाहणं, म्हणजे एक लेखन आणि त्यानंतर दुसऱ्या जागेचं एक वाचन. वर जी एकच अदलाबदल होते म्हटलं, ती हीच. प्रोसेसर नावांची यादी आधी वाचतो, रिकामी दिसते. तेवढ्यात दुसरा येतो, नाव लावतो, कडी अजून लागलेलीच दिसते, आणि झोपतो. मग पहिल्याचं शून्य बफरमधून बाहेर पडतं. लॉक मोकळं, आणि झोपलेल्याला उठवणारं कुणी नाही. म्हणून म्यूटेक्सने सोडणं आणि वाट पाहणाऱ्यांची खबर एकाच आकड्यात बांधली आणि तो उपसर्गवाल्या सूचनेने बदलला. थांबण्याचे पैसे इथे भरावे लागतात, आणि ते सार्थ आहेत.

रांग लावूनही स्वस्त

साध्या लेखनाने सोडणाऱ्या लॉकचा एक खरा दोष काही वर्षांनी पुढे आला. ज्याने आत्ताच लॉक सोडलं, त्याच्याच कॅशमध्ये ती लाइन ताजी असते. त्याला लॉक लगेच पुन्हा हवं असेल तर लांबच्या प्रोसेसरपर्यंत बातमी पोचण्याआधी तोच ते परत पटकावतो. निक पिगिन यांनी दोन सॉकेटांच्या आठ कोअरवाल्या ऑप्टेरॉन यंत्रावर चाचणी घेतली, तेव्हा धाग्याधाग्यांमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये, लागणाऱ्या वेळेत दुपटीपर्यंत फरक पडला, आणि कुणी उपाशी राहण्याचे किंवा कुणाला ओळीने लॉक मिळत राहण्याचे प्रकार दहा लाख वेळांपर्यंत गेले.

त्यांचा उपाय एप्रिल २००८ च्या २.६.२५ मध्ये आला: दवाखान्यात मिळतं तसं टोकन. लॉकचे दोन भाग, एकात पुढचं टोकन, दुसऱ्यात आत्ता कुणाचा नंबर चालू आहे तो. घेणारा उपसर्गवाल्या एका सूचनेने टोकन उचलतो आणि आपला नंबर येईपर्यंत पाहत राहतो. आणि सोडणं? चालू नंबर एकाने वाढवायचा. वाढवणं म्हणजे वाचून, बदलून, लिहिणं, म्हणजे इथे उपसर्ग हवाच असं वाटेल. पण तो नव्हता. चालू नंबराचा बाइट फक्त लॉक धरणाराच बदलतो, त्यामुळे मध्ये शिरायला दुसरा कुणी नाही. १९९९ मध्ये कमावलेली सवलत न्याय्य रांग आणूनही हातची गेली नाही.

ऑगस्ट २०१५ च्या ४.२ मध्ये वेमन लाँग आणि पीटर झिल्स्ट्रा यांच्या कामातून क्यू-स्पिनलॉक आलं. त्याच्या मुळाशी जॉन मेलर-क्रमी आणि मायकेल स्कॉट यांचं १९९१ मधलं रांगेचं लॉक आहे, ज्यात प्रत्येक वाट पाहणारा स्वतःच्याच जागेकडे बघत थांबतो. मूळ पद्धतीत सोडणाऱ्याला आपल्या मागे कुणी आहे का ते पाहावं लागतं, आणि नसेल तर शेपटाची खूण अखंड सूचनेनेच पुसावी लागते. म्हणजे दुपारी तीनला, कुणीच नसताना, सोडणं पुन्हा महाग. क्यू-स्पिनलॉकमध्ये हे टाळलं आहे: लॉक मिळालेला रांगेतून बाहेर पडतो, रांगेतला पहिला लॉकच्या बाइटाकडे बघत थांबतो, बाकीचे त्याच्या मागे आपापल्या जागी. धरणाऱ्याचा रांगेशी संबंधच उरत नाही. रांग असो वा नसो, त्याने एक बाइट शून्य करायचा. मला सगळ्या रचनेतला हाच निर्णय सर्वांत जास्त विचाराचा वाटतो, कारण गर्दीसाठी बांधलेल्या लॉकने मोकळ्या वेळेचा खर्च वाढू दिला नाही.

मधल्या काळात पायाही पक्का झाला. इंटेलने २००७ मध्ये मेमरीच्या क्रमाचे नियम स्वतंत्र टिपणात मांडले. २०१० मध्ये पीटर स्यूअल, सुस्मित सरकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रोसेसरांचं काटेकोर गणिती प्रारूप प्रसिद्ध केलं: प्रत्येक प्रोसेसरपुढे एक स्टोअर बफर, त्यात आधी आलेलं आधी बाहेर, आणि वाचताना स्वतःच्या बफरमधलं सर्वांत ताजं लेखन आधी पाहायचं. त्यांच्या लेखात १९९९ चा हा वाद उदाहरण म्हणून आहे. ते उदाहरण त्या प्रारूपात चालवून पाहा. ‘अ’ चं शून्य बफरमध्ये आहे, म्हणून वाचन तिथूनच शून्य उचलतं. बफर रिकामा झाला असेल तर मेमरीतून, आणि लॉक अजून आपल्याकडे असल्याने तिथेही शून्यच. सोडणारं लेखन बफरमध्ये ‘अ’ च्या मागे उभं, ते पुढे घुसू शकत नाही. बोलिन यांनी चिपच्या आतून सांगितलेलं कारण आता बाहेरच्या कुणालाही कागदावर पडताळता येतं.

आज आभासी यंत्रांसाठी बांधलेला ६४-बिट कर्नल साध्या यंत्रावर सुरू झाला, की सुरू होतानाच स्वतःच्या कोडमध्ये दुरुस्ती करतो. लॉक सोडण्याच्या प्रत्येक ठिकाणी आभासी यंत्रांसाठीच्या फंक्शनला हाक मारणारी सूचना असते. ती पुसून तिथे एक छोटी सूचना लिहिली जाते आणि उरलेली जागा काहीही न करणाऱ्या सूचनांनी भरली जाते. ती छोटी सूचना तीन बाइटांची आहे. एका रजिस्टरने दाखवलेल्या जागी एक शून्य बाइट लिहायचा, एवढंच ती सांगते, आणि तिच्यापुढे उपसर्ग नाही.